सुईणीचा जबाब

पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज टाइप करते आहे. आधी मशीनवर केले, आता संगणकावर करते, पण टेबल शहरातल्या कचेऱ्यांच्या आसपासच राहिलं. कुणाचं रेशनकार्डातलं नाव चुकलेलं असतं, कुणाच्या सातबाऱ्यावर मेलेला चुलता अजून जिवंत असतो. माणूस समोर बसून आपलं रडगाणं सांगतो आणि मी त्याचं ‘सविनय सादर करण्यात येते की’ करून देते. या कामाचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही.

म्हणून सुईणींच्या परवान्याचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा आत्याने दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. सकाळच्या एसटीने ती फुलंब्रीहून आली, माझ्या समोरच्या स्टुलावर बसली, पदराने मान पुसली आणि म्हणाली, “लिही.”

“काय लिहू?”

“आमाला सरकारनं परवाना द्यावा. घरच्या बाळंतपणाचा. चोरासारकं जायचं नाय आता कुणाच्या घरी.”

आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. फुलंब्रीच्या पुढे, डांबरी रस्ता संपून तीन मैल आत आमचं गाव. सुईणपण ती माझ्या आजीकडून शिकली. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ऐन तारुण्यात माहेरी परत आली आणि मग कायमची राहिली. मला तिनंच वाढवलं, कारण माझी आई माझ्या जन्माच्या दिवशीच गेली. पुढचं सगळं ज्याच्यावर उभं आहे ते आत्ताच सांगून टाकते: ते बाळंतपण आत्याने केलं होतं. मी वाचले, आई वाचली नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि आमच्या घरात याविषयी कुणी चकार शब्द काढत नसे.

आत्या जाऊन आता दोन हिवाळे झाले. तिची आठवण आली की आधी तिचे हात आठवतात. शेतात राबणाऱ्या बाईचे हात, पण नखं कायम बारीक कापलेली. गावातल्या बायका तिच्या नखांवरून थट्टा करायच्या, ही काय सासरी निघाली का म्हणून. ती म्हणायची, “माझं हत्यार हाय ते.” मी लहान असताना सरकारने कधीतरी सुईणींना शिकवणी दिली होती. त्या वेळी मिळालेली ॲल्युमिनियमची पेटी ती दर रविवारी उन्हात ठेवायची. साबण, दोरा, कोरी ब्लेडं, स्वच्छ फडकी. दोरा उकळलेला असायचा, आणि त्या पातेल्यात चहा करायची कुणाची छाती नव्हती. पुढे सरकारचा विचार बदलला. सगळी बाळंतपणं दवाखान्यातच झाली पाहिजेत असं ठरलं, शिकवण्या थांबल्या आणि पेटीतलं सामान भरून मिळेनासं झालं. पेटी मात्र रविवारी उन्हात येतच राहिली.

वडलांना तिचं हे काम अजिबात पटत नव्हतं. आमच्या घराने आजोबांच्या काळातच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. गावकीची कामं सोडली होती, मेलेली जनावरं ओढणं सोडलं होतं. आणि घरातली बाई लोकांची बाळंतपणं करत फिरते, हे वडलांना चपराक मारल्यासारखं वाटायचं. जेवताना भांडण ठरलेलं.

“गावाची घाण काढायला आपण माणूस झालो का?” वडील म्हणायचे.

“घाण न्हवं ती. लेकरू हाय,” आत्या म्हणायची. “जुनं लुगडं घेणं मी सोडलं. शिळं घेणं सोडलं. बाई अडली तर जाणार.”

पण तीही काही कमी नव्हती. तिने आपल्या अटी घातल्या होत्या. आजी मागच्या दाराने जायची, आत्या पुढच्या दाराने जायची. आणि कळा फार नेटाच्या नसल्या तर आधी त्या घरच्या कपबशीत चहा मागायची. कपबशी कुठली काढतात ते नीट बघायची. पहिल्या पहिल्यांदा पाटलांच्या घरी म्हणे फार घुटमळ झाली. पण आत सून ओरडत होती, आणि बाहेर आत्या ओसरीवर शांत बसली होती. शेवटी चांगल्यातली कपबशी निघाली. हा किस्सा ती इतकी रंगवून सांगायची की वडीलही ताटात बघून हसायचे.

तर तो अर्ज. मी लिहून दिला आणि मला वाटलं, संपलं. आत्याच्या डोक्यात वेगळंच होतं. एका बाईच्या अर्जाला कोण विचारतं, म्हणून ती सुईणी गोळा करायला निघाली. सत्तरी ओलांडलेली बाई अर्ध्या तिकिटात देवगाव रंगारीला जायची, खुलताबादला जायची, मधल्या वस्त्यांवर उतरायची आणि विचारायची, इथं बाळंतपणं कोण करतं? आधी कुणी सांगत नसे. दवाखान्यातली माणसं आली असतील, केस होईल, ही भीती. मग आत्या आपली नखं पुढे करायची. त्या खुणेवर म्हणे दारं उघडायची. दोन वर्षांत आत्या धरून अकरा जणी जमल्या. मंगळवार म्हणू नका, रविवार म्हणू नका, ज्या गावचा बाजार त्या गावी बैठक. भाजीच्या पिशव्या मांडीशी घेऊन बायका बसायच्या आणि मागण्या ठरायच्या. शिकवणी परत सुरू करा. परीक्षा घ्या, आम्ही देऊ. जी पास होईल तिला परवाना द्या. अवघड बाळंतपण आम्हीच दवाखान्यात आणू, पण आणल्यावर आम्हाला दारात थांबवू नका.

या दोन वर्षांत मी किती अर्ज केले त्याची गणती नाही. मधेच शहराचं नाव बदललं. मग प्रत्येक अर्जाच्या डोक्यावरचं औरंगाबाद खोडून छत्रपती संभाजीनगर केलं, खालची मागणी तीच. आत्या म्हणाली, “शहराला नवं नाव मिळालं, आमाला जुनंसुदिक मिळंना.” तिच्या बोलण्यावर बाकीच्या दहाही जणी हसल्या. मीही हसले, आणि मग परत स्मरणपत्र टाइप केलं.

अखेर बोलावणं आलं. तिघांची एक समिती बसणार होती. सुईणींचे जबाब बघून परवान्याचा प्रस्ताव मुंबईला पाठवायचा की नाही, आणि शिफारशीत कुणाची नावं घालायची, हे ठरणार होतं. अकरा जणींचे अकरा जबाब करायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येकीचा दोन पानी जबाब. पहिल्या पानावर फोटो, वय, गाव, कुणाकडून शिकल्या. दुसऱ्या पानावर कामाची पद्धत, आणि शेवटी एक वाक्य, जे मी सगळ्यांसाठी सारखंच घातलं होतं: ‘माझ्या हातून आजतागायत एकही माता दगावलेली नाही.’

आत्याच्या जबाबातही मी ते घातलं. चुकून नाही, जाणूनबुजून. बोटं थांबली होती, पण मी ती पुढे ढकलली. आत्याला परवाना मिळाला पाहिजे, एवढंच मला दिसत होतं. तिला सही करता यायची, पण वाचायला वेळ लागायचा. वाचून दाखव म्हणाली तेव्हा मी पहिलं पान सगळं वाचलं आणि दुसऱ्याचं शेवटचं वाक्य गिळलं. तिने विश्वासाने सही केली. माझ्या आयुष्यात मी केलेला हा एकच खोटा कागद, आणि तो मी माझ्या आत्यासाठी केला आणि माझ्या आईच्या बाबतीत केला.

समितीच्या दिवशी आम्ही सकाळी अकरा वाजायच्या आधीच पोचलो. व्हरांड्यात बाकं होती, वर पंखा होता. बावीस पानं क्रमाने लावून मी फायलीला लाल नाडी आवळून बांधली होती. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजून गेले. आतून हाक येईना. शिपायाला विचारलं की म्हणायचा, बसा. मी समोर चहा सांगायला गेले, आणि गेले ते पाच-दहा मिनिटं रेंगाळले. चूक झाली ती तिथेच.

सुईणींची एक रीत आहे. बाई अडली, कळा थांबल्या, की घरात जे जे बांधलेलं असेल ते सोडायचं. बाळंतिणीची वेणी सोडायची, पेट्यांची कुलपं काढायची, डब्यांची झाकणं उघडायची, गोठ्यातल्या गाईचं दावंसुद्धा सोडायचं. घरात गाठ राहिली तर मूल सुटत नाही. खुलताबादच्या एक थोराड दाई होत्या, त्यांच्याकडेही हीच रीत. तीन तास बसून त्या वैतागल्या आणि आत्याला म्हणाल्या, “ऐसा बांध के रखे तो कैसा होता काम? छोडो वो गाँठ.”

आत्याला ते लगेच पटलं. मी चहा घेऊन आले तेव्हा अकरा म्हाताऱ्याकोताऱ्या केस मोकळे सोडून बाकांवर बसल्या होत्या. डब्यांची झाकणं उघडी, पिशव्यांची तोंडं उघडी, छत्रीचा पट्टासुद्धा सोडलेला. आणि माझ्या फायलीची नाडी सुटून खाली पडलेली. पानं पंख्याखाली व्हरांडाभर झाली होती आणि चार-पाच जणी वाकून ती गोळा करत होत्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी जास्त चपळाईने गोळा केली. मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात आतून हाक आली, चला, सुईणींना बोलवा.

“बघ,” आत्या म्हणाली, “सोडलं की नाय काम.”

लावायला वेळच नव्हता. पानांचा गठ्ठा तसाच आत गेला. समितीच्या प्रमुख एक डॉक्टरीणबाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात लटकवलेला. त्यांनी पानं चाळली. देवगावच्या बाईच्या फोटोखाली खुलताबादची पद्धत निघाली. बाईंनी हसू दाबलं, एकेकीला पुढे बोलावून पानं जुळवली. बाकी सगळ्यांची जुळली. आत्याचं दुसरं पान मात्र सापडेना. ते व्हरांड्यातल्या लोखंडी कपाटाखाली गेलं होतं, ते मला नंतर मिळालं.

“हरकत नाही,” बाई म्हणाल्या, “आजी, तुम्ही तोंडी सांगा.”

आत्याने सांगितलं. हात कसे धुते, पोट कसं चाचपते, कुठल्या बाईला पहिल्याच दिवशी दवाखान्याची वाट दाखवते. बाई मान डोलवत होत्या. मी मागे उभी होते आणि मनात म्हणत होते, आता बास, आता गप्प बस. मग बाईंनी विचारलं, “तुमच्या हातून कुणी दगावलंय का?”

मी खोकले. आत्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

“एक गेली,” ती म्हणाली.

आत्या उभ्या उभ्या सांगत होती, आवाज न चढवता. “दुपार व्हती. पोरगी झाली, चांगली रडली. पर वार पडंना अन् रगत थांबंना. हे माझ्या हातचं नाय, हे मला कळलं व्हतं बाई. भावाला पळत पाठवलं, दवाखान्याची जीप आण म्हणलं. तिथं त्यांनी इचारलं, चिठ्ठी कुणाची हाय? नर्सबाई लसी टोचाय दुसऱ्या गावी गेल्या व्हत्या. सुईणीच्या निरोपावर जीप निघत नाय म्हणले. भाऊ हात हलवीत माघारी आला तवर ती गेली.”

“कोण होती?”

“माझी भावजय. ही अर्ज लिहिती ना मागं उभी राहून, तिची आई.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला जमिनीत जावंसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी हेही कळलं, की माझ्या जन्माच्या दिवशी काय झालं ते मी आज पहिल्यांदा ऐकते आहे. वडील धावत गेले होते. जीप उभी होती. हे मला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

“आता तसं नाही राहिलं आजी,” बाई सावकाश म्हणाल्या. “आता फोन केला की गाडी येते.”

“येती की. कोण नाय म्हणतं?” आत्या म्हणाली. “पर दवाखाना आला की मला भाईर ठेवत्यात. कळा कवा लागल्या, पाणी कवा गेलं, मी काय काय केलं, कुणी इचारत नाय. आत गेलेल्या पोरीला बोलायचं भान नसतं. तवा बी माझा शब्द चालला नाय, आता बी चालत नाय.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचं पुढचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्या जे करत होत्या ते त्यांना करायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या, “आजी, हे लेखी दिलंत तर तुमचं नाव शिफारशीत घालता येणार नाही. मातेचा मृत्यू असेल तर नाव वगळायचं, असं वरून आलंय. लेखी दिलं नाहीत तर तुम्ही बोललात ते या खोलीतच राहील.”

“अन् लेखी दिलं तर त्याचं काय हुतं?”

“प्रस्तावाला जोडता येईल. त्याच्या आधारावर मला एक कलम घालता येईल, की सुईणीने आणलेल्या बाईची माहिती आधी सुईणीकडून घ्यायची आणि तिला आत येऊ द्यायचं. नुसतं माझ्या मनाने घातलं तर वरचे काढून टाकतील.”

“मंग लेखीच देते,” आत्या म्हणाली.

तसंच झालं. पुढच्या आठवड्यात गेलेल्या शिफारशीत दहा नावं होती. प्रस्ताव अजून मुंबईत आहे. खुलताबादच्या दाई मधूनमधून फोन करून विचारतात आणि मी स्मरणपत्रं पाठवते. कलम अजून प्रस्तावात आहे, एवढं मी स्वतः जाऊन बघून आले आहे.

पण त्या दिवशी बाहेर पडल्यावर मी आत्यावर इतकी चिडले होते की रस्त्यातच बोलले. “दोन वर्षं मरमर केली आपण. तुला कुणी विचारलं होतं का खरं बोलायला?”

“इचारलं की,” ती म्हणाली. “बाईनं इचारलं.”

मी तिला दुसऱ्या पानावरच्या वाक्याविषयी सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. ती चालता चालताच म्हणाली, “माझ्यासाठी केलंस. पर तिला पुसून टाकलंस ना पोरी. इतक्या वर्सात घरात आमी काय दुसरं केलं म्हना. तुझ्या बापाला मी दिसले की ती जीप दिसायची. म्हून तो काम सोड, काम सोड म्हणायचा. माझा राग नव्हता त्याला.”

रस्त्यावर उभं राहून मी रडले. फुलंब्रीच्या गाडीला अजून वेळ होता. आम्ही माझ्या टेबलापाशी आलो. आत्या स्टुलावर बसली, मी संगणक चालू केला आणि नवा जबाब घेतला. ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. एकही शब्द सुधारला नाही. ‘सविनय’ घातलं नाही, ‘सादर’ घातलं नाही. जीप कशी निघाली नाही ते तिच्याच शब्दांत लिहिलं.

मग मयताचं नाव आलं. मी थांबले. आयुष्यभर मी लोकांची नावं टाइप केली. माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडलांचं नाव आहे, आडनाव आहे. आमच्या वेळी आईचं नाव कुणी विचारत नसे. घरात तिला ‘तुझी आई’ म्हणत आणि तेही दोन-चारदाच. मला नाव ठाऊक होतं, पण ते कुठेही लिहायची वेळ कधी आली नव्हती.

आत्याने नाव सांगितलं. माहेरचं आडनावही सांगितलं, माहेरचं गाव सांगितलं, वय सांगितलं. वय एकोणीस होतं. मी ते सगळं टाइप केलं आणि कागद काढला.

“वाच,” आत्या म्हणाली. “आता सगळं वाच, काय गिळू नको.”

मी पहिल्यापासून वाचलं. आईच्या नावापाशी अडखळले, तरी वाचलं. शेवटपर्यंत आले आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने पेन घेतलं, पण सही केली नाही. कागदावर काहीतरी शोधत तिने ते बारीक नखाचं बोट ओळींवरून फिरवलं, आणि ते सापडेना तेव्हा कागद माझ्याकडे सरकवला.

“तिचं नाव परत एकडाव वाच,” ती म्हणाली.

मी वाचलं. मग तिने सही केली.